माहिती आहे, पण सापडत नाही

जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरचा बाक. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे नुकतेच कळलेला मुलगा केसपेपर मांडीवर ठेवून मोबाइलवर टाइप करतो, ‘किडनी धुणे मोफत कुठे होते’. समोर येतात खासगी रुग्णालयांच्या जाहिराती, चार-पाच वर्षांपूर्वीची एक बातमी, तालुक्याचे नाव सोडून काहीच नसलेले एखाद्या यादी-संकेतस्थळाचे पान आणि ‘अपॉइंटमेंटसाठी संपर्क’ म्हणून दिलेला कुणाचा तरी मोबाइल क्रमांक. घरापासून बारा किलोमीटरवरच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसची मोफत सोय आहे. तिची नोंद सरकारी संकेतस्थळावरही आहे, पत्त्यासह आणि फोन क्रमांकासह. पण ती या मुलाला दिसत नाही, कारण ती गूगललाच दिसत नाही.

हे दृश्य राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात घडू शकते. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा करावे लागते आणि प्रत्येक वेळी साधारण चार तास जातात. केंद्र बारा किलोमीटरवर आहे की साठ, यावर रुग्णासोबत जाणाऱ्याचा रोजगार टिकतो की बुडतो हे ठरते. पुढे उपचार चालू राहतात की मध्येच सुटतात, हेही त्यावरच ठरते. एक पान सापडले नाही, याची किंमत एवढी असू शकते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आरोग्य खात्यांनी माहितीचे मोठे साठे संगणकावर आणले. योजनांत सहभागी असलेली रुग्णालये, रक्तपेढ्या, जनऔषधी केंद्रे, औषधांच्या किमती, लसीकरण केंद्रे असे बरेच काही आता डेटाबेसमध्ये आहे. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण संकेतस्थळ सुरू झाले, उद्घाटन झाले, नोंदी भरल्या गेल्या म्हणजे माहिती लोकांपर्यंत पोहोचली, असे गृहीत धरले जाते. तिथेच चूक होते. जी माहिती शोधून सापडत नाही, ती प्रसिद्ध झाली असे मानता येणार नाही.

रेकॉर्ड रूममधले गठ्ठे

डेटाबेसवर चालणारे संकेतस्थळ म्हणजे काय, हे रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमवरून चटकन कळते. तिथे हजारो केसपेपर गठ्ठ्यांत बांधलेले असतात. कुणी खिडकीशी येऊन नोंदणी क्रमांक सांगितला की कारकून नेमका कागद काढून देतो. क्रमांक सांगणाराच आला नाही, तर कागद तिथेच पडून राहतो. डेटाबेसचेही तसेच आहे. ‘जिल्हा निवडा, तालुका निवडा, सुविधा निवडा’ असे रकाने भरून बटण दाबले की त्या क्षणी पान तयार होते आणि समोर येते. बटण दाबण्यापूर्वी ते पान अस्तित्वातच नसते.

शोधयंत्राचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या आधाराने फिरतो, वाचलेला मजकूर घेऊन येतो आणि त्याची सूची तयार होते. कुणी प्रश्न विचारला की शोधयंत्र सगळे इंटरनेट नव्याने धुंडाळत नाही, या तयार सूचीत बघते. म्हणजे जे सूचीत नाही ते उत्तरातही नाही. हा क्रॉलर दारे उघडी असलेल्या घरांतून फिरतो, पण खिडकीशी थांबून अर्ज भरत बसत नाही. निवडक फॉर्म आपणहून भरून पाहण्याचा प्रयोग गूगलने २००८ मध्ये जाहीर केला होता, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. त्यात फॉर्मच्या तळाशी ‘चित्रातील अक्षरे टाइप करा’ असेल तर प्रश्नच मिटला, कारण ती अट प्रोग्रामना बाहेर ठेवण्यासाठीच असते.

सूचीबाहेर राहिलेल्या अशा साठ्यांना ‘डीप वेब’, म्हणजे खोलातले जाळे, म्हणतात. मायकेल बर्गमन यांनी २००१ मध्ये या विषयावर लिहिलेल्या लेखामुळे हा शब्द रूढ झाला. त्याचा गुन्हेगारीशी संबंध नाही. त्यातला बराच भाग अगदी सरळमार्गी माहितीचा आहे, फक्त तिच्यापर्यंत जाणारी वाट कुणी बांधलेली नाही.

वैद्यकशास्त्राने हे आधीच शिकले आहे

सूचीचे मोल वैद्यकशास्त्राला कुणी नव्याने सांगण्याची गरज नाही. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. जगभरच्या नियतकालिकांत काय छापून आले आहे हे डॉक्टरला कळलेच नाही तर ते छापून उपयोग काय, हा त्यामागचा साधा विचार होता. १९६४ मध्ये ही सूची संगणकावर गेली, १९७१ पासून ‘मेडलाइन’ या नावाने दूरध्वनीच्या तारेवरून तिच्यात शोध घेता येऊ लागला आणि १९९७ मध्ये ‘पबमेड’च्या रूपाने ती सर्वांसाठी मोफत खुली झाली.

पबमेडही डेटाबेसच आहे. त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. पण त्यातल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकावरून बनलेला स्वतःचा पत्ता आहे. कुणी आत जाऊन शोध घेतला नाही तरी ते पान त्या पत्त्यावर हजर असते. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरने आजाराचे नाव गूगलमध्ये टाइप केले तरी तो थेट त्या लेखाच्या सारांशापर्यंत पोहोचतो. पबमेडचे मुखपृष्ठ त्याला माहीत असण्याचीही गरज पडत नाही. डॉक्टरांना जी सोय गेली कित्येक वर्षे मिळते आहे, तीच रुग्णाच्या नातेवाइकाला मिळावी, इतकीच ही मागणी आहे.

लपवणे किती सोपे असते

सापडणे आणि न सापडणे यांत किती ताकद आहे, हे अमेरिकेतील रुग्णालयांच्या दरांच्या प्रकरणात दिसले. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या रुग्णालयांनी आपले दर यंत्राला वाचता येईल अशा फाइलमध्ये संकेतस्थळावर ठेवावेत, असा नियम लागू झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकाने तीन हजारांहून अधिक रुग्णालयांची संकेतस्थळे तपासली. त्यांतील शेकडो ठिकाणी दरांच्या पानावर ‘नोइंडेक्स’ ही खूण घातलेली आढळली. ‘हे पान सूचीत घेऊ नका’ एवढाच निरोप या खुणेतून शोधयंत्राला मिळतो. दर प्रसिद्ध झालेले होते, नियमाचे अक्षर पाळलेले होते आणि तरीही गूगलवर शोधणाऱ्या रुग्णाला ते दिसत नव्हते. विचारणा झाल्यावर काही रुग्णालयांनी ही खूण काढून टाकली.

पुढे अमेरिकी सरकारने नियमच बदलला. २०२२ पासून दरांची फाइल स्वयंचलित शोधाला खुली असली पाहिजे, अशी स्पष्ट अट आली आणि मोठ्या रुग्णालयांसाठी दंडाची मर्यादा दिवसाला ३०० डॉलरवरून ५,५०० डॉलरपर्यंत वाढली. २०२४ पासून तर दरांची फाइल नेमकी कुठे आहे हे सांगणारी छोटी मजकूर-फाइल संकेतस्थळाच्या मुळाशी ठेवणेही बंधनकारक झाले. ‘प्रसिद्ध करा’ म्हणणे पुरत नाही, ‘सापडेल असे प्रसिद्ध करा’ असेच लिहावे लागते, हा त्यातला धडा आहे.

महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली. भिंतीवरच्या पाटीसाठी ‘दर्शनी भाग’ कुठला हे सर्वांना कळते. आज लोक दवाखान्यात येण्याआधी मोबाइलवर येतात. मोबाइलवरचा दर्शनी भाग म्हणजे शोधाची पहिली काही उत्तरे, हे अजून नियमात उतरायचे आहे.

आपल्याकडे सार्वजनिक माहिती सहसा कुणी मुद्दाम लपवत नाही. ती सवयीने लपते. नव्या कंत्राटदाराने संकेतस्थळ नव्याने बांधले की जुने सगळे पत्ते मोडतात आणि इतर ठिकाणांहून दिलेले दुवे कोऱ्या पानावर जाऊन थांबतात. हजारो पानांचे शीर्षक एकच, ‘मुख्यपृष्ठ’, म्हणजे शंभर रुग्णांच्या केसपेपरवर एकच नाव घातल्यासारखे. पत्त्यात प्रत्येक भेटीचा वेगळा क्रमांक जोडला जातो, त्यामुळे एकच पान क्रॉलरला हजार रूपांत दिसते आणि खरी पाने वाचायची राहून जातात. काही पाने ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालल्याशिवाय कोरीच असतात. गूगल ती चालवून पाहते, पण अनेक क्रॉलर तेवढे कष्ट घेत नाहीत. परिपत्रके स्कॅन करून टाकली जातात, म्हणजे अक्षरांऐवजी अक्षरांचा फोटो. कित्येक दस्तऐवज अजून युनिकोडपूर्व जुन्या फाँटमध्ये आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतात, यंत्राला मात्र ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग वाटते.

आणखी एक अडथळा भाषेचा आहे. लोक ‘कुत्रा चावला, इंजेक्शन कुठे मिळेल’ असे शोधतात. सरकारी पानावर ‘श्वानदंश प्रतिबंधक लस’ असते. लोक ‘किडनी धुणे’ म्हणतात. पानावर ‘हिमोडायलिसिस’ असते. श्वानदंशाची जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत द्यावे लागते आणि ते प्रत्येक केंद्रावर असेलच असे नाही. नेमके कुठे आहे हे सांगणारे पान लोकांच्या शब्दांत नसेल, तर ते असून नसल्यासारखेच. शास्त्रीय शब्द राहू द्यावा, पण शेजारी बोलीतला शब्दही लिहावा. ओपीडीत कोणताही डॉक्टर रोज हेच करतो.

रिकामी जागा कोण भरते?

अधिकृत पान सापडले नाही म्हणून शोधाच्या उत्तराची जागा मोकळी राहत नाही. काही खासगी यादी-संकेतस्थळे डेटाबेसमधून प्रत्येक गावाच्या आणि प्रत्येक आजाराच्या नावाने पान तयार करतात. ‘अमुक गावातील सर्वोत्तम हृदयरोगतज्ज्ञ’ असे शीर्षक असते, पण त्या गावात हृदयरोगतज्ज्ञच नसतो. हेदेखील शोधयंत्रासाठी केलेले काम आहे, फक्त अप्रामाणिक. अशा घाऊक, पोकळ पानांविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये आपले धोरण कडक केले. पण खरे पान सूचीत असेल, तरच खोट्याला मागे सारून ते पुढे येईल.

याहून घातक आहेत ते फसवणुकीचे क्रमांक. रुग्णालयाच्या नावाने खोटा क्रमांक पेरायचा, फोन आला की ‘नोंदणीसाठी पाच-दहा रुपये भरा’ म्हणून दुवा पाठवायचा आणि बँक खाते रिकामे करायचे, ही पद्धत आता पोलिसांनाही पाठ झाली आहे. रुग्णालयाचे स्वतःचे, सापडणारे, अचूक फोन क्रमांक असलेले पान हा त्यावरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. शिवाय लोक आता शोधयंत्राऐवजी संवादी सहायकालाही प्रश्न विचारू लागले आहेत. ताज्या माहितीसाठी त्यालाही वाचता येणाऱ्या खुल्या पानांचाच आधार असतो.

उपाय महाग नाही

दुरुस्तीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. प्रत्येक नोंदीला स्वतःचे पान आणि न बदलणारा पत्ता द्यावा. फॉर्म असू द्यावा, पण त्याच्या शेजारी साधी यादीही असावी. जिल्ह्यावर बोट ठेवले की तालुके आणि तालुक्यावर ठेवले की रुग्णालये दिसावीत, म्हणजे माणसालाही वाट मिळते आणि क्रॉलरलाही. शीर्षकात रुग्णालयाचे नाव, गाव आणि सेवा यावी. एकाच पानाचे अनेक पत्ते होत असतील तर मूळ पत्ता कोणता हे सांगणारी खूण २००९ पासून उपलब्ध आहे. पत्ता बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवावे, जसे टपाल खाते पुनर्निर्देशन करते.

सगळ्या पत्त्यांची एक यादी ‘साइटमॅप’ म्हणून ठेवायची असते. ही पद्धत २००५ मध्ये गूगलने सुरू केली आणि पुढच्याच वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टने ती स्वीकारली. अशा एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक उपकेंद्रे आणि अठराशेच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. त्यांत ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये मिळवली तरी राज्याची सगळी सार्वजनिक आरोग्य यंत्रणा एकाच फाइलमध्ये बसते.

काय सूचीत द्यावे आणि काय नाही, याचा विवेक मात्र हवा. रक्तपेढीतील पिशव्यांची संख्या तासातासाला बदलते. कालचा आकडा शोधात दिसला तर नातेवाईक रात्री चाळीस किलोमीटर जाऊन रिकाम्या हाताने परत येईल. म्हणून रक्तपेढीचे नाव, पत्ता, फोन आणि वेळ सूचीत जावे. साठ्याचा आकडा पान उघडल्यावरच, वेळेच्या नोंदीसह दिसावा. सर्पदंशासारख्या प्रसंगी तर शोधत बसणेच चूक आहे. १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयाकडे निघणे हेच खरे, आणि सर्पदंशाच्या पानावर पहिली ओळ तीच असली पाहिजे.

कुलूप हवे तिथे कुलूपच

या मागणीवर खात्यांचा एक आक्षेप रास्त आहे. डेटाबेसमध्ये रुग्णांची माहितीही असते, ती बाहेर आली तर काय? ती अजिबात बाहेर येता कामा नये. रुग्णाचे नाव, तपासण्या, निदान यांतले काहीही सूचीत जाऊ देणे हा गुन्ह्यासारखाच प्रमाद आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. पण इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्रॉलरला ‘इकडे येऊ नका’ सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची फाइल १९९४ पासून वापरात आहे. ती दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य क्रॉलर ती पाळतात, इतरांवर तिचे बंधन नाही. रुग्णांच्या नोंदींना पासवर्डचे कुलूप आणि वेगळी खोलीच हवी. सार्वजनिक यादी आणि खासगी नोंदी एकाच ढिगात ठेवून दोन्हींवर एकच फॉर्म लावणे ही सर्वांत वाईट रचना आहे, कारण तिथे लोकांना हवे ते सापडत नाही आणि जपायचे ते नीट जपलेही जात नाही.

सर्व्हरवर ताण येईल, हा दुसरा आक्षेप तितकासा टिकत नाही. क्रॉलरचा वेग आटोक्यात ठेवता येतो आणि महिनोन्महिने न बदलणारी पाने एकदाच तयार करून ठेवता येतात. ‘आमचे ॲप आहे’ हे तिसरे उत्तर तर रुग्णाच्या बाजूने पाहिले की लगेच पोकळ ठरते. अडचणीत सापडलेला माणूस आधी कोणत्या खात्याचे कोणते ॲप, हे शोधत नाही. तो समोरच्या चौकटीत प्रश्न लिहितो.

कायद्याचा आधारही नव्याने शोधायचा नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख सूची आणि निर्देशिका करून ठेवावेत आणि माहिती इंटरनेटसह विविध मार्गांनी आपणहून द्यावी, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, असे म्हटले आहे. केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. उणीव राहते ती काम ताब्यात घेतानाच्या तपासणीत. निविदेत पानांची संख्या, रंगसंगती आणि बॅनर यांचा उल्लेख असतो. लोक विचारतात त्या प्रश्नांना हे संकेतस्थळ उत्तर म्हणून समोर येते का, हे कुणी तपासत नाही.

ती तपासणी अवघड नाही. ओपीडीत नातेवाईक नेहमी विचारतात असे दहा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून काढावेत. पान प्रसिद्ध झाल्यावर महिनाभराने साध्या मोबाइलवर, मराठीत, ते एकेक करून टाइप करावेत. सरकारी पान पहिल्या काही उत्तरांत आले तर काम झाले, नाही तर बिल रोखावे. प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाच्या कार्यालयात वर्षातून दोनदा ही चाचणी घेता येईल, आणि तिला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणार नाही. त्या दहा प्रश्नांतला पहिला प्रश्न ‘किडनी धुणे मोफत कुठे होते’ हाच असावा.